बिनआगीची भट्टी

(सालेकशाजवळचं एक गाव. कलाबाईचं अंगण, दुपारची वेळ. तिचा नवरा खुशाल एका बाजूला बाजेचा सुंभ ओढत बसला आहे. तिची मैत्रीण शामकला तावातावानं आत येते.)

शामकला : पानी नको मले. बसाले बी आली नाही मी. आधी एवढं सांग, गेली होतीस का नाही?

कलाबाई : गेली होती.

शामकला : दारूच्या कारखान्यात?

कलाबाई : हो. माही खुशबू काम करते तिथं. नाशिकच्या पल्याड, दिंडोरीच्या अंगानं.

शामकला : अन् मी गावात सांगत फिरून राहिली का कलाबाई बहिनीकडं तुमसरले गेली म्हणून!

कलाबाई : तुमसरचं मी नव्हतं सांगितलं. ते तूच लावलंस.

शामकला : मग काय सांगाचं होतं लोकाले? दारूबंदी मंडळाची अध्यक्ष कुठं गेली, तर दारूच्या जत्रेत? काल रुख्मा मले बोरिंगवर म्हणते, 'स्टेशनाच्या टपरीवर खुशालभाऊ सांगून राहिले, आमची बाई स्टेजवर चढली, माइकवर बोलली.' मी तिच्यावरच भडकली. म्हटलं, जीभ झडन तुही.

खुशाल : मैंने तो बस इतनाही बोला...

शामकला : खुशालभाऊ, तुमी तुमची बाज विना.

खुशाल : विनूनच राहिलो ना बाई. रेल्वेची पटरी बी मीच कसतो, घरची बाज बी मीच कसतो. बोलाचं तेवढं मनात राहून गेलं होतं, ते टपरीवर बोललो.

शामकला : उद्या मीटिंग हाये कला, शाळेच्या वट्ट्यावर. बाया म्हणतात, हिले अध्यक्ष ठेवाचं नाही. कोन सांगन तिले, असं निघालं, तर सगळ्या माह्याच तोंडाकडं पाहाले लागल्या. म्हणून आली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माह्या तोंडून ऐकलेलं बरं.

कलाबाई : बरं केलं. आता बस. उभ्यानं सांगाची गोष्ट नाही हे.

शामकला : सांगाचं काय राहिलं आता?

कलाबाई : मी कायले गेली, ते. अन् रिकाम्या हातानं काऊन आली, ते.

शामकला : रिकाम्या म्हणजे?

कलाबाई : पोरीले आणाले गेली होती ना मी! तिथं लागल्यापासून मी तिच्याशी एक शब्द बोलली नाही, तुले मालूम हाये. तिचा फोन वाजला का मी यांच्या हातात द्यावो अन् गोठ्यात निघून जावो. मग तिचा निरोप आला. त्या कारखान्यात द्राक्षाची वाइन बनवाले लागले त्याले दहा वर्षं झाली, मोठी जत्रा हाये, कामावरच्या सगळ्यांच्या आईबापाले बोलावलं. अन् वरून म्हणते, 'माझ्या हातची पहिली वाइन त्या दिवशी उघडणार आहे, आईले पाठवा.' माझ्या हातची! हे ऐकलं अन् डोक्यात आगच गेली माह्या. म्हटलं, जाते. चार लोकात हात धरून घेऊन येते.

खुशाल : मेरे को छुट्टी नहीं मिली. गोंदियावरून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवून देल्लं हिले. मले वाटलं, वापस येतील त्या दोघी येतील. भांडत-रडत, पण दोघी.

शामकला : अन् आली एकटीच.

कलाबाई : एकटीच. नाशिकरोडले उतरली तर पोरगी फलाटावर उभी. आधी तिचे हात पायले मी. बोटं जांभळी, नखं काळी. आपन जांभळं वेचल्यावर होतात ना, तशी. धुतले तरी जात नाही म्हणे, हंगाम सरेपर्यंत. ती माह्या पाया पडली अन् तिनं माही थैली घेतली. मी काही बोलली नाही. पूर्ण रस्ता बोलली नाही. जीपमध्ये ती समोर, मी मागं. ठरवलंच होतं, तोंड उघडाचं ते डायरेक्ट तिच्या मालकासमोर.

शामकला : मग उघडलं का?

कलाबाई : उघडंच राहिलं ते, शामकला. पण बोलासाठी नाही.

शामकला : म्हणजे?

कलाबाई : गाडी एका टेकडीवर चढली अन् खाली... कसं सांगू तुले! आपलं धान म्हणजे चिखल, पानी, बांध. खाली वाकून पाहाचं शेत आपलं. तिथं शेत उभं होतं. छातीएवढ्या तारा बांधल्या, त्याच्यावर वेल चढवले, अन् रांगा अशा सरळ का या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत नजर कुठंच अडत नाही. जशी शाळेतली लेकरं प्रतिज्ञेले हात पुढं करून उभी राहतात. खाली काळे घोस लटकून राहिले. अन् जमीन कोरडीठाक! पानी कुठं हाये म्हटलं, तर बारक्या नळीतून थेंब थेंब. थेंबावर एवढं पिकते, बाई. आपल्याकडं बांधीभर पानी लागते अन् तरी धान लोळते.

शामकला : द्राक्षं आपन बी पायली. गोंदियाच्या बाजारात ढीग लागतात.

कलाबाई : ते खायाचे. हे बारीक, जाड सालीचे. मी एक मणी तोंडात टाकला, तर इतका गोड का दात शिवशिवले. अन् मागून तुरट. रागात होती मी, तरी दुसरा तोडला.

शामकला : घे! तिथंच पघळली.

कलाबाई : पघळली नाही. दुसरा तोडला म्हणून सांगून राहिली. पूर्ण ऐक ना.

खुशाल : शामकलाबाई, ये मनुका खाओ. पोरीनं पाठवल्या. 'शामकलामावशीले नक्की द्या' म्हणे.

शामकला : तिथल्या मले नको. ठेवा तिकडं. हं, पुढं? भट्टी कुठं होती त्यांची?

कलाबाई : तेच मी विचारलं! दोन वर्षांनंतर पोरीशी पहिला शब्द बोलली, तो हाच. 'भट्टी कुठं हाये तुमची?' आपन किती भट्ट्या पायल्या? फोडल्या तेवढ्या पायल्याच ना. चूल, मडकं, त्याच्यावर मडकं, नळी, अन् तो सडलेल्या मोहाचा वास. लांबूनच धूर दिसे अन् आपन समजून जावो. मी तिथं धूर शोधून राहिली होती. धूर नाही. आग नाही. पोरगी मले एका मोठ्या खोलीत घेऊन गेली. आपल्या गावच्या पान्याच्या टाकीएवढ्या टाक्या, चांदीसारख्या चकचकीत, एकीले लागून एक. थंडगार खोली. म्हणते, 'आई, हिले कान लाव.' मी म्हटलं, कायले? म्हणते, 'लावून तर पाहा.'

शामकला : अन् तू लावला.

कलाबाई : लावला. शामकला, आतमध्ये रस उकळून राहिला होता. हात लावला तर टाकी गार. अन् आतून आवाज कसा, जसे लाखो लोक लय दूर कुठं तरी कुजबुजून राहिले. मी चटकन मागं सरली. म्हटलं, खाली जाळ कुठं लावला? ती म्हणते, 'जाळ नाही आई. द्राक्षातली साखर अन् बारीक बारीक जीव. डोळ्याले दिसत नाही एवढे बारीक. ते साखर खातात, त्याच्यानं उकळते.' मी पुन्हा कान लावला. किती वेळ लावून उभी होती, मले नाही सांगता येणार. तिथं पाहुणे लोक आले, फोटो काढले, निघून गेले.  बिनआगीचं उकळते म्हणजे काय!

शामकला : उकळून काय होते पण? दारूच ना शेवटी?

कलाबाई : दारूच. तिनं बी तेच सांगितलं. लपवलं नाही. म्हणते, 'आई, हळूहळू चढणारी, पण दारूच आहे ती.'

शामकला : मंग संपलं ना! जे हाये ते हाये. माह्या नवऱ्याले, उदारामले बी मोहाच्या फुलानंच मारलं. फूल किती गोड राहते! पोळ्यात घालतो आपन, लाडू करतो. अन् तेच सडवलं का मानूस बोडीच्या पान्यात पालथा सापडते. तुह्या डोळ्यानं पायलं तू. मी एकटी राहू नये म्हणून तूच तुह्या खुशबूले माह्या घरी झोपाले पाठवत होतीस. एवढीशी होती. माह्या पदराले धरून झोपे. तिले मालूम नाही का दारू काय करते?

कलाबाई : हेच म्हटलं मी तिले. ह्याच शब्दात. 'शामकलामावशीच्या पदराले धरून झोपत होतीस तू, अन् आता तू पाजतेस?'

शामकला : मंग?

कलाबाई : टाकीवरचा हात काढला तिनं. मंग म्हणते, 'पाजते, आई.' एवढंच. मले वाटलं, कारणं सांगन, नोकरी कुठं भेटते, बीएस्सी होऊन घरी बसू का, असं काही. नाही. मान खाली घातली नाही अन् वर बी केली नाही. म्हणते, 'मी पेत नाही. तोंडात घेते, चव पाहाते अन् थुंकते. ते माझं काम आहे. पंचशीलातलं पाचवं शील मी मोडलं नाही.'

शामकला : तोंडात घेतली म्हणजे घेतली. शील काय गळ्याच्या खाली सुरू होते का?

कलाबाई : मी बी असंच म्हटलं.

खुशाल : बीच का रास्ता कोई नहीं इन दोनों के पास.

कलाबाई : पण तिचं काम करताना पायलं मी. टेबलावर गिलास मांडलेले, सगळ्यात सारखीच लाल. एकेक उचलते, नाक घालते, डोळे मिटते. 'ही उतारावरच्या मळ्याची. ही जरा उन्हात जास्त राहिली. हिच्यात काहीतरी बिघडते आहे, टाकी बदला.' सोबतचे लोक ती बोलन ते लिहून घेऊन राहिले, केस पिकलेले लोक. अन् पिचकारी मारल्यासारखी थुंकते ती, एका भांड्यात. माही पोरगी! जिले आपन नाकातला शेंबूड पूस म्हणून ओरडत होतो, तिच्या त्याच नाकावर तिथं टाकीच्या टाकी अडून राहते.

शामकला : तू हुंगली का?

कलाबाई : हुंगली.

शामकला : पेली का? खरं सांग कला. बाया मले हेच विचारतील.

कलाबाई : नाही पेली. ओठाले बी लावली नाही. पण हुंगली. अन् तुलेच सांगते, मले वाटलं होतं का उलटी येईन, आपल्या भट्टीसारखी. तर जांभळीच्या झाडाखाली उभं राहावं अन् कोनी लवंग कुस्करावी, तसा वास. चांगला वास होता. लय चांगला होता. त्याचंच भेव वाटलं मले. मी गिलास खाली ठेवला.

शामकला : हं.

खुशाल : वो भी बताओ ना, पैर वाला.

कलाबाई : अन् एक कढई होती, बैलगाडीच्या चाकाएवढी. त्याच्यात द्राक्षं टाकलेली अन् शहरातल्या बाया-माणसं, पँट गुडघ्यापर्यंत चढवून, नाचून राहिले द्राक्षावर! खिदळून राहिले! मी म्हटलं, अन्नावर पाय देतात? ह्यांच्या घरी कोनी शिकवत नाही का? पोरगी म्हणते, 'आई, पूर्वी असाच रस काढत, आता पाहुण्यांसाठी गंमत ठेवली.' मले म्हणते, 'तू ये.' मी म्हटलं, धानाच्या राशीले चुकून पाय लागला तर मी हात जोडते, अन् ह्या कढईत नाचू?

शामकला : खरकटं बाई! अन् ते पेतात?

कलाबाई : नाही नाही, ते फेकतात. पेत नाहीत ते.

शामकला : म्हणजे तुडवतात बी अन् फेकतात बी! वारे शहाणे!

खुशाल : शामकलाबाई, मनुका कशा लागल्या?

शामकला : कोन्या मनुका?

खुशाल : जे आप खा रही हो.

शामकला : ... गोड हायेत. सांग वो तू पुढं. राहिली कुठं तू? कारखान्यात?

कलाबाई : नाही, त्या गावात एक ठकूबाई हाये, तिच्या घरी. माह्या वयाची. ती पाहुणे ठेवते. जत्रेले, मळे पाहाले लोक येतात ना दुरून, ते हिच्या ओसरीत झोपतात, चुलीवरची भाकर खातात, ठेचा खातात अन् पैसे देऊन जातात. गोरे लोक बी येतात. तिले इंग्रजी एक शब्द येत नाही, भाकरीकडं बोट दाखवते अन् 'अजून?' म्हणते. गावातल्या अशा बऱ्याच बाया. त्यातल्या कोनी वाइन चाखलेली नाही. मले म्हणते, 'आमच्या गावाचं नाव कोणाला माहीत नव्हतं. आता पाटी बघून गाड्या थांबतात.' मले आपला हाजराफॉल आठवला. धबधबा पाहाले कमी का लोक येतात? येतात, बाटल्या फोडून जातात, अन् काचा आपल्या लेकराच्या पायात जातात. त्याहिले जेवू घालावं असं आपल्या मनात कधी आलंच नाही.

शामकला : दारुड्याले जेवू घालू?

कलाबाई : सगळेच काही दारुडे राहत नाहीत. पण राहू दे ते. स्टेजची गोष्ट सांगते. तुले त्याचाच राग हाये ना.

शामकला : राग नाही, लाज हाये.

कलाबाई : दुपारी मोठा मांडव. खुर्च्याच खुर्च्या. मालक म्हातारा, पांढरी टोपी, शेतकरीच मूळचा. त्यानं सांगितलं, पहिल्या वर्षी लोक हसले, दगडावर वेल लावतो म्हणून. मंग नाव घेतलं, 'खुशबू खुशाल, जिल्हा गोंदिया.' टाळ्या! पोरीनं बाटली उघडली. अन् मालक म्हणतो, 'हिच्या आई पहिल्यांदाच आल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावे.' मले मागून कोनीतरी उठवलंच. माइक हातात. पोरगी माह्याकडं पाहून राहिली, तोंड पांढरं. तिले मालूम होतं मी कायले आली ते.

शामकला : काय बोललीस?

कलाबाई : खरं तेच बोलली. 'जयभीम. मी कलाबाई. सालेकशाकडची. आमच्या गावात आम्ही बायांनी मोहाच्या भट्ट्या फोडल्या. माह्या मैत्रिणीचा नवरा दारूनं गेला. म्हणून मी हे पेणार नाही अन् पे बी म्हणणार नाही. माह्या पोरीनं हे बनवलं. तिनं लय डोकं लावून बनवलं, ते मी आज माह्या डोळ्यानं पायलं. तुमी पेसान तर पेसान. पण घरी जाल ते माणसासारखे जा.' एवढं बोलली अन् खाली उतरली.

शामकला : माहं नाव घेतलं?

कलाबाई : नाव नाही घेतलं. मैत्रीण म्हटलं.

शामकला : ... लोकं काय म्हणाले?

कलाबाई :  समोरच्या रांगेतला एक माणूस उठला, गोरापान, अंगात कोट, अन् टाळ्या वाजवाले लागला. 'वा ताई, वा!' मंग सगळे वाजवाले लागले. तो माणूस सगळ्यात जोरात. कोनी मोठा व्यापारी होता, कारखान्याची लय वाइन घेणारा. मले वाटलं, चला, एकाले तरी समजलं.

खुशाल : अब सुनो. इसके आगे का सुनो.

कलाबाई : दिवस बुडता बुडता पाहुणे मळ्यात फिरून राहिले होते, फोटो काढून राहिले. मी एका बाजूले बसून पाहून राहिली. खरं सांगते, सकाळपासून वाट पाहून राहिली होती, आता कोनी पडन, आता कोनी आईबहिनीवर येईन. कोनी नाही. बाया-माणसं एकेक घोट घेऊन गप्पा मारून राहिले, हसून राहिले. मले काही समजेना. आपन दारू म्हटलं का एकच तोंड पायलं. हे दुसरंच तोंड होतं. अन् मंग तो आवाज आला.

शामकला : कोनता?

कलाबाई : तूच सांग कोनता. बाई बारीक आवाजात म्हणते ना, 'अहो, पुरे आता,' तो. लोकात ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून म्हणते तो. आपल्याले तो झोपेत बी ओळखू येते.

शामकला : ... हं. येते.

कलाबाई : तोच कोटवाला. काउंटरवर. पोरगी म्हणून राहिली, 'सर, आता नाही मिळणार.' तो म्हणते, 'मी कोण आहे माहीत आहे का?' मॅनेजर धावत आला, पोरीच्या कानात म्हणते, 'दे, दे.' पोरीनं गिलास उचलला अन् पालथा ठेवला. त्याची बायको मागं, खांद्यावर लेकरू झोपलेलं. ती म्हणते, 'चला.' तर त्यानं तिचा दंड धरून असा पिळला... लेकरू जागं झालं. मी उठली. आपल्या सवयीनं ओरडली बी, 'ए!' म्हणून. पण पाय जागचे हलेनात, शामकला. गावात तू राहतेस, रुख्मा राहते, मागं पन्नास बाया राहतात. तिथं मी एकटी, अन् ते सगळे कोटवाले.

शामकला : मंग?

कलाबाई : माह्या आधी पोरगी पोचली. काउंटर ओलांडून, मधात जाऊन उभी. त्याच्या खांद्याएवढी बी नाही ती. आवाज चढवला नाही. म्हणते, 'हात सोडा.' त्यानं सोडला नाही. ती पुन्हा म्हणते, 'हात सोडा.' तिसऱ्यांदा म्हणालीच नाही, नुसती पाहून राहिली त्याच्याकडं. अन् त्यानं सोडला. मंग म्हणते, 'गाडीची चावी द्या.' त्यानं दिली बी! एवढा मोठा माणूस! बाईले अन् लेकराले तिनं ठकूबाईच्या घरी पाठवलं, त्याले कारखान्याच्या ड्रायव्हरसोबत हॉटेलात. अन् वापस येऊन काउंटरवरचे जेवढे गिलास होते, एकेक करून पालथे घातले. लोक रांगेत उभे होते. 'आज बंद,' म्हणाली. दहा वर्षांची जत्रा, अन् दिव्याच्या वेळेले काउंटर बंद!

शामकला : कोनी काही म्हणालं नाही?

कलाबाई : कोनी नाही. रांग मोडली अन् एकेक जण गाडीकडं चालाले लागला.   मले वाटलं, हे मी जन्माले घातलं? मी तर आज घाबरली. अन् हे एवढंसं, जांभळ्या बोटाचं...

खुशाल : टपरी पे भी यही बता रहा था मैं.

शामकला : अन् नोकरी? ठेवलं का काढलं?

कलाबाई : सकाळी मालकानं बोलावलं. मॅनेजर म्हणून राहिला, पाहुण्याचा अपमान झाला, धंदा गेला. मी दाराशीच उभी. म्हटलं, काढतील, अन् बरंच होईन, मी घेऊन जाईन. मालकानं टोपी काढून टेबलावर ठेवली. मंग म्हणते, 'जी बनवते, तिला थांबवता पण आलं पाहिजे. पुढच्या वर्षीपासून कधी बंद करायचं ते तीच ठरवील.'

शामकला : मोठा शहाणा! थांबवाचीच होती तर बनवली कायले?

कलाबाई : हे बी खरं हाये.

शामकला : नाही, तू सांग मले. तो कोटवाला कोनती पिऊन होता? तुह्या पोरीनं बनवलेलीच ना?

कलाबाई : तिनंच बनवलेली. पोरीले मी हेच विचारलं, रात्री जेवताना. तिच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणते, 'मला माहीत आहे आई. मी रोज विचार करते.' मी सकाळी थैली भरली. तिले म्हटलं, चाल. ती म्हणते, 'आई, तू सांगशील तर येते.' सामान बी बांधलेलं होतं तिचं. खोटं नाही.

शामकला : बांधलेलं होतं? मंग?

कलाबाई : मले पुन्हा 'चाल' म्हणवलं नाही. गाडीत बसवाले आली ती. मी डब्यात, ती खाली. म्हटलं, फोन करत जा. मी उचलन.

शामकला : म्हणजे तू दारूले हो म्हणून आली.

कलाबाई : दारूले नाही म्हणूनच आली. पोरीले हो म्हणून आली. ह्या दोन गोष्टी एका पदरात कशा बांधाच्या, ते मले येत नाही, शामकला. तुले येत असन तर सांग. अध्यक्षपद काढता तर काढा, मी भांडाची नाही. पण मी तिथं जे पायलं ते पायलंच नाही, असं मले म्हणता येणार नाही.

शामकला : ... ती बाई, दंड पिळलेली. तिचं काय झालं?

कलाबाई : ठकूबाईकडं राहिली रात्रभर. मी बाजूलेच होती. लेकराले मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी त्याची गाडी आली, अन् गेली ती त्याच गाडीत.

शामकला : गेली.

कलाबाई : गेली.

शामकला : जाते. मी बी जातच होती.

खुशाल : चाय रखूं क्या?

शामकला : ठेवा. साखर कमी टाका... कला, उद्या ये मीटिंगले.

कलाबाई : काढणारच हायेत तर येऊन काय करू?

शामकला : मले सांगितलं तसं सांग त्याहिले. रस बिनआगीचा उकळते ते बी सांग, अन् त्यानं दंड पिळला ते बी सांग. गेली ती बाई, ते बी सांग. अर्धं ठेवू नको. मंग बाया काय ठरवतील ते ठरवतील.

कलाबाई : अन् तू?

शामकला : मी बसन ना तुह्या बाजूले. तुह्यासाठी हात वर करन का नाही, ते मले बी उद्याच समजन.